भालूच्या शाळेची वयोमर्यादा

बायकोने लाटलेल्या पापडाची जाडी जो माणूस व्हर्निअर लावून मोजतो, त्याच्याविषयी लिहायचं तर सुरुवात पापडापासूनच करायला हवी. यांची बदली जबलपूरला झाली आणि आम्ही रांझीला श्रीरंगकाका देवतळ्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, तो पहिला मे महिना. गच्चीवर अनसूयाकाकू आणि मी पापड वाळत घालत होतो. काका वर आले, उन्हात डोळे बारीक करून एक पापड उचलला, खिशातलं मोजायचं यंत्र त्याला लावलं आणि म्हणाले, "कडेला जाड, मधात पातळ. रिजेक्ट."

काकूंनी मान वर न करता विचारलं, "पोटात गेल्यावर कोण मोजते?"

काकांनी पापड जागेवर ठेवला. ते हसले नाहीत. त्यांनी विनोद केलाच नव्हता.

काका मूळचे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. बाविसाव्या वर्षी आयटीआय करून इथल्या फॅक्टरीत लागले आणि अडतीस वर्षं एकच काम केलं, बनून आलेला भाग तपासायचा. त्यांनी मला एकदा ते काम समजावून सांगितलं होतं. हातात एक गेज असतं, त्याला दोन टोकं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर पास, नाही तर परत. मधलं काही नाही. "लोक म्हणतात, देवतळे, थोडं चालवून घे ना. आता चालवून काहून घ्यायचं? कागदावर लिमिट लिहिली असते ना," हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा महिनाअखेरीला अख्खा लॉट त्यांनी अडवला. फोरमन स्वतः चहा घेऊन आला आणि टेबलावर ठेवून उभा राहिला. काकांनी सही केली नाही, म्हणून चहाही घेतला नाही. दोन तास चहा तिथेच होता. त्याच फोरमनने पुढे त्यांच्या मुलीच्या, संपदाच्या लग्नात पंगत वाढली, हे मात्र काका सांगत नाहीत, काकू सांगतात.

निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत त्यांनी घरातली सगळी दारं रंधून सरळ केली आणि शेजाऱ्यांच्या दारांकडे बघायला लागले, तेव्हा काकूंनीच त्यांना बाहेर काढलं. भेड़ाघाटच्या रस्त्यावर एक मुलांचं पार्क नवीन निघालं होतं. झुकझुक गाडी, पाण्याची घसरगुंडी, एक वाघाच्या तोंडातून आत जायचा बोगदा, आणि हिरव्या पत्र्याच्या गोल हॉलमध्ये लहान मुलांसाठी एक खेळ, 'भालू की पाठशाला'. अस्वल मास्तर असतो, ससा रोज उशिरा येतो, पोपट चुकीचे पाढे म्हणतो. अर्ध्या तासाचा खेळ. या हॉलच्या दारावर त्यांना एक भरवशाचा माणूस हवा होता.

काका भरवशाचे निघाले, जरा जास्तच. दारावर त्यांनीच रंगवलेली पाटी आहे, 'केवल दस वर्ष तक के बच्चे'. म्हणजे अकरा पूर्ण व्हायच्या आतली मुलं आत सतरंजीवर, बाकी सगळे बाहेरच्या पायऱ्यांवर, जाळीच्या खिडकीतून बघायचं. आईबाप खोटं बोलतात. मिसरूड फुटलेल्या मुलाला "नौ का है, खाता बहुत है" म्हणून पुढे करतात. म्हणून काका मोठ्यांना विचारतच नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून वाकतात आणि मुलालाच विचारतात, "उमर?" मूल उत्तर द्यायच्या आधी आईकडे बघतं का, एवढं ते पाहतात. बघितलं की समजायचं.

आणि एक घंटा आहे. खरी पितळेची, कुठल्याशा शाळेतून आलेली, मंचाच्या कडेला दोरीला टांगलेली. ती वाजल्याशिवाय अस्वल बाहेर येत नाही. रोज प्रत्येक खेळाला पहिल्या दोन रांगांतल्या एका मुलाला काका बोटाने उठवतात, ते जाऊन घंटा वाजवतं. बस, एवढंच. पण पार्कातून परतणाऱ्या मुलांना विचारा, घसरगुंडीचं कोणी सांगत नाही. घंटा कुणी वाजवली ते सांगतात.

काकांची नात मैथिली भोपाळला असते, संपदाची मुलगी. दर उन्हाळ्यात येते. मराठी सगळं समजतं, बोलताना मात्र अर्धी हिंदीत उतरते. चार वर्षांची होती तेव्हापासून ती हा खेळ पाहते आहे. मधली दोन वर्षं पार्क बंदच होतं, ती सोडली तर पाच उन्हाळे. पाचही उन्हाळे आजोबांनी तिला आपल्या हाताने शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात बसवलं. पुढे बसली असती तर घंटेसाठी कधी ना कधी नंबर लागला असता, आणि मग कुणी म्हणालं असतं, बुढ्ढ्याने आपल्याच नातीला उठवलं. फॅक्टरीत साहेबांचे भाचे कसे पास होतात ते त्यांनी अडतीस वर्षं पाहिलं होतं. आपल्या दारावर ते व्हायचं नाही.

या मार्चमध्ये मैथिलीला अकरा पूर्ण झाली.

ती आली त्याच दिवशी काकांनी जेवताना सांगून टाकलं की आता तिला पायरीवर बसावं लागेल, लिमिट संपली. मैथिली म्हणाली, ठीक आहे, तसंही ते छोटे बच्चों का आहे. काकूंनी काकांच्या ताटात भाजी वाढली ती जरा आपटूनच. नंतर मला म्हणाल्या, "अकरा पूर्ण होईपर्यंत कोपऱ्यात बसवलं यायनं पोरीले. अन् आता म्हणते लिमिट संपली. मी बोलून राहिले तर म्हणते, पुढच्या वर्षी पाहू, पुढच्या वर्षी पाहू. पोर काय लोखंडाची आहे, तेवढीच राहाले?"

मी मध्ये पडले नाही. भाडेकरूने घरमालकाच्या नातीच्या गोष्टीत पडू नये, आणि मैथिली खरोखरच मोठी झाल्यासारखी दिसत होती. केस मोकळे सोडत होती, आजीच्या फोनवर मैत्रिणींशी हळू आवाजात बोलत होती.

पण चौथ्या की पाचव्या दिवशी मी कुरडया काढायला गच्चीवर गेले, तर माझा राजस आणि ती कपड्यांच्या दोरीपाशी उभी. राजस सहा वर्षांचा. दोरीला तिने एक नाडी बांधली होती आणि त्याला शिकवत होती.

"झटका नहीं देना. सगळे झटका देतात, मग ती चिरकते. खांद्यापासून ओढायची, आणि सोडून द्यायची. फिर रुकना. तिचा आवाज पूरा संपू द्यायचा, तब दूसरी बार."

"तू वाजवली आहेस?" राजसने विचारलं.

"नाही. पीछे से सब दिखता है."

मी कुरडया न काढताच खाली आले. पाच उन्हाळे ही पोर शेवटच्या रांगेत बसून दुसऱ्यांच्या चुका बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणात स्कूटर पुसत होते. मी पाण्याची बादली भरता भरता सांगितलं, की मैथिली राजसला घंटा कशी वाजवायची ते शिकवते आहे. जास्त काही म्हणाले नाही. काकांचं फडकं थांबलं, मग पुन्हा फिरायला लागलं. त्याच सीटवर चार वेळा फिरलं. बुधवारी गर्दी कमी असते, मुलांना घेऊन या, एवढंच ते म्हणाले.

बुधवारी सिटी बसने आम्ही अकराच्या खेळाला पोचलो. उन्हाने पत्रा तापला होता. रांगेत राजस पुढे, मागे मैथिली, मग मी. मला वाटत होतं, आज काका दुसरीकडे बघतील. माणूस आहे शेवटी.

काका गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "उमर?"

मैथिलीने माझ्याकडे बघितलं नाही. कुणाकडेच बघितलं नाही. "ग्यारह साल, दो महीने."

"बाहर," काका म्हणाले.

तिने मान हलवली आणि पायरीवर जाऊन बसली. दोन महिने सांगायची काही गरज नव्हती. आजोबांची नात, दुसरं काय.

राजसला त्यांनी आत घेतलं आणि शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात बसवलं. आमच्या घरचा म्हणजे तोही नात्यातलाच झाला. मला हसावं की चिडावं कळेना. पुढच्या रांगेतल्या एका टोपीवाल्या मुलाला त्यांनी उठवलं. त्याने दोरीला लोंबकळून असा हिसका दिला की घंटा ठणकली नाही, किंचाळली. मैथिलीने जाळीवरचं बोट काढून कानाजवळ नेलं आणि मग उगीचच केस मागे केले.

काका दारात उभे होते. त्यांची पाठ मंचाकडे होती आणि तोंड पायऱ्यांकडे. अर्धा तास ससा उशिरा आला, पोपटाने बारापाचे साठच्या जागी सत्तर म्हटले, आत पोरं खिदळत राहिली, आणि काका पायरीकडे बघत राहिले.

खेळ संपल्यावर ते माझ्याकडे आले. "मेघाताई, जरा ऑफिसात चला माझ्यासंगं. बोलताना एक जण साक्षीला बरा."

ऑफिस म्हणजे तिकीटखिडकीच्या मागची खोली. कूलर घरघरत होता आणि मॅनेजर अनुपम पोहे-जलेबी खात होता. पस्तिशीचा, हसरा मुलगा आहे, काकांना दादाजी म्हणतो. काका उभेच राहिले. त्यांनी विचारलं, पाठशाळेच्या वयाची लिमिट कोणाच्या हुकमाने ठरली आहे, त्यांना त्या अधिकाऱ्याला अर्ज करायचा आहे.

"कौन सी लिमिट, दादाजी?"

"दस वर्ष."

अनुपमने आठवायचा प्रयत्न केला. त्याने सांगितलं की असा काही हुकूम त्याला माहीत नाही, पाटी तर दादाजींनीच लावली आहे. काका म्हणाले, लावली मी, ओमतीच्या बाजारातून रंगाचा डबाही मीच आणला, पण पहिल्या दिवशी तुम्हाला विचारूनच. मी विचारलं होतं, वरची मर्यादा किती. तुम्ही म्हणालात, दस. अनुपम जरा ओशाळला. म्हणाला, बोललो असेन, तेव्हा उद्घाटनाची गडबड होती, यही कोई दस-बारह, असंच काहीतरी.

काका खुर्चीवर बसले. ते ऑफिसात बसतात हे मी तेव्हाच पाहिलं, आणि अनुपमनेही बहुधा.

"म्हणजे एवढ्या पोरांना मी परत पाठवलं ते," ते माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "कोणीच सांगितलं नव्हतं."

मी म्हटलं, काका, हॉल लहान आहे, कुठेतरी रेघ मारावीच लागते. ते खरंही होतं.

अनुपमला मराठी कळत नाही, पण पायरीवर कोण बसलंय ते त्याने खिडकीतून पाहिलं होतं. तो म्हणाला, "अरे दादाजी, आपकी नातिन है. ले जाइए अंदर, कौन रोकेगा?"

त्याने हे चांगल्या मनाने म्हटलं, पण नेमकं हेच म्हणायला नको होतं. काका ताडकन उठले. नातिन है इसलिए नहीं, म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी अनुपमच्या टेबलावरून एक कोरा कागद ओढला आणि विचारलं, की त्याची सही चालेल ना, तो इथला सर्वांत वरचा माणूस आहे ना. तो म्हणाला, मालक सोडले तर हो.

मग त्यांनी आम्हा दोघांना समजावलं. फॅक्टरीत एखादा नग लिमिटच्या बाहेर असतो, पण कामाला चांगला असतो. तो गुपचूप पास करायचा नसतो, ती चोरी झाली. त्याचा कागद करायचा. किती बाहेर आहे ते लिहायचं, का घेतो आहोत ते लिहायचं, वरच्याची सही घ्यायची, मग उजळ माथ्याने आत घ्यायचा. त्याला कन्सेशन म्हणतात. अडतीस वर्षांत त्यांनी असे कागद बोटावर मोजण्याइतके केले होते.

ते हिंदीत लिहायला लागले. अक्षर फॅक्टरीतलं, सरळ, छापल्यासारखं. नाव. प्रत्यक्ष वय. मर्यादा. फरक, दोन महिने. इथवर भराभर झालं. मग पुढच्या ओळीवर पेन थांबलं. कारण.

अनुपम मदत करायला म्हणाला, लिहा ना, बच्ची का मन है.

काकांनी मान हलवली. मन हे कारण होत नाही. कूलर घरघरत होता, कागद फडफडत होता, त्यांनी डाव्या हाताने तो दाबून धरला होता. मग त्यांनी लिहिलं, आणि कागद माझ्यापुढे सरकवला. साक्षीदार मीच होते ना.

'निरीक्षक की भूल के कारण पाँच वर्ष अंतिम पंक्ति में.'

खाली त्यांनी निरीक्षकाचं नाव लिहिलं, श्रीरंग महादेव देवतळे. अनुपमचं पोह्याचं बोट कागदाला लागणार होतं ते त्याने आधी पुसलं, मगच सही केली. चेष्टा केली नाही. मला तो मुलगा तेव्हापासून आवडतो.

एकच्या खेळाची रांग लागली. मी मैथिलीला म्हटलं, चल, उभी राहा. ती म्हणाली, काकी, आजोबा नाही घेणार. मी म्हटलं, उभी तर राहा.

"उमर?" काकांनी विचारलं.

"ग्यारह साल, दो महीने."

काकांनी खिशातून कागद काढला, उलगडला आणि तिच्या हातात दिला. तिने वाचला. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वरून वाचला. तिचं बोट त्या कारणाच्या ओळीवर थांबलं तेव्हा काका पत्र्याच्या छताकडे बघत होते, जणू तिथे काहीतरी तपासायचं राहून गेलं होतं.

"समोर बस," ते म्हणाले. "पहिल्या रांगेत."

ती पहिल्या रांगेत बसली. आजूबाजूच्या पोरांपेक्षा खांदाभर उंच, गुडघे कसेबसे दुमडून. मागच्या एकाने तक्रार केली की दीदीमुळे दिसत नाही, तशी ती वाकून बसली. काकांनी बोट दाखवलं तेव्हाही आधी तिने मागे वळून बघितलं, की कुणाला दाखवतायत.

ती मंचाच्या कडेला गेली. दोरी लगेच धरली नाही, आधी हात फ्रॉकला पुसले. मग खांद्यापासून ओढली आणि सोडून दिली.

मी जबलपूरला आल्यापासून तो खेळ पाचेक वेळा पाहिला असेन. त्या घंटेत एवढा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. तो गोल हॉलभर फिरला, पत्र्याला लागून परत आला, आणि मैथिली दोरी सोडून थांबली. अस्वलाला वाटलं झालं, म्हणून त्याने पडद्यातून तोंड बाहेर काढलं. तिने त्याला हाताने थांबवलं. आवाज पूर्ण संपला. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. अस्वल अर्धं बाहेर, अर्धं आत, तसंच उभं. साधारण एक-दोनदाच वाजवायची असते. तिने सात वाजवल्या. सतरंजीवरची पोरं मोठ्याने मोजायला लागली होती.

काका दारात उभे होते. या वेळी त्यांचं तोंड मंचाकडे होतं. मला वाटलं तिसरीनंतर ते थांबवतील, पण ते नुसते ऐकत होते, मान एका बाजूला कलती करून. सातवी विरली तेव्हा त्यांनी नाक ओढलं आणि जवळ उभ्या असलेल्या मला सांगितलं, "चिरकली नाही एकदाही."

पोरांना पोहे खाऊ घातले, झुकझुक गाडी झाली. चारच्या खेळाची रांग लागली तेव्हा बघते तर मैथिली पुन्हा रांगेत. चेहरा एकदम निरागस.

"उमर?"

"ग्यारह साल, दो महीने."

"कागज?"

तिने तोच कागद पुढे केला. काकांनी घडी उलगडलीसुद्धा नाही. "एका कागदावर एकच खेळ. बाहेर."

"आजोबा, घंटा नाही मागत. सिर्फ बैठना है."

"बाहेर."

ती हसत हसत पायरीवर येऊन माझ्याशेजारी बसली. काकूंना काय काय सांगायचं ते ठरवायला लागली, त्यात सातच्या नऊ घंटा झाल्या.

रांगेत शेवटी एक मुलगी होती. उंच, दोन वेण्या, कडेवर भाऊ. गोहलपुरहून आली होती, हे नंतर कळलं. भावाचं वय काकांनी विचारायचीही गरज नव्हती, त्याला नीट उभंही राहता येत नव्हतं. काकांनी त्याला उचलून आत सतरंजीवर ठेवलं आणि तिला पायरीकडे हात केला. ती हलली नाही. तिने दुपारचं सगळं पाहिलं असावं.

"दादाजी, मैंने भी कभी अंदर से नहीं देखा," ती म्हणाली. "हर बार इसी को लेकर आती हूँ. पहले बड़े वाले को लाती थी."

मागे ऊन होतं, म्हणून काकांनी कपाळावर हात धरून तिच्याकडे नीट बघितलं. आत पोरांचा गलका वाढत होता.

"उमर?"

"तेरह."

तिने सांगताना कुणाकडे बघितलं नव्हतं. काकांनी मला हाक मारली, मेघाताई, अनुपमजींना सांगा अजून एक कागद लागतो, आणि मग गुडघ्यावर हात ठेवून, तिच्या उंचीला वाकायची गरज नसतानाही वाकून, विचारलं, "नाम?"

"समृद्धी," ती म्हणाली.